प्रधानबाईंचे रडके रविवार

प्रधानबाईंनी उभ्या आयुष्यात एकही सिनेमा धड पाहिला नसेल. तरी पेणमध्ये सिनेमा दाखवून सर्वांत जास्त माणसं रडवली ती त्यांनीच. मी याला साक्षीदार आहे, कारण त्या रडवत असताना लॅपटॉप मी सांभाळत होतो.

बाई आमच्या शाळेत गणित शिकवायच्या, मी विज्ञान. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांची पंधरा वर्षं झालेली होती. ठेंगणा बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि हातात बारा महिने छत्री. रस्ता ओलांडताना त्या डावीकडे-उजवीकडे बघायच्या नाहीत, सरळ छत्री आडवी धरायच्या. समोरून येणारी एसटी वर्गातल्या दंगेखोर पोरासारखी जागच्या जागी थांबायची. मुलांनी त्यांचं नाव ‘बाकी शून्य’ ठेवलं होतं. लग्न का केलं नाही, असं स्टाफरूममध्ये एकदा कोणीतरी विचारण्याचं धाडस केलं. बाई वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, “पेपर तपासायचे होते.”

निवृत्त झाल्यावर त्या वाचनालयाच्या समितीवर आल्या. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हॉल होता आणि कोणा सज्जनाने भेट दिलेला प्रोजेक्टर होता. महिन्यातून दोन रविवारी दुपारी चार वाजता चांगले सिनेमे दाखवायचे असं ठरलं. पहिले तीन रविवार विनोदी सिनेमे लावले. अकरा माणसं आली, त्यातली दोन वाचनालयाचे शिपाई. चौथ्या रविवारी चुकून एक दुःखी सिनेमा लागला. त्याच्या पुढच्या खेपेला लोक घरून खुर्च्या घेऊन आले.

“म्हात्रे,” बाई मला म्हणाल्या, “आपल्या गावाला हसायला फुरसत नाही. रडायला बघा कशी निघते.”

तेव्हापासून त्या दोन रविवारांना गावात ‘रडके रविवार’ म्हणू लागले. माणसं बाईंना बाजारात गाठून शिफारशी करायची. सर्वांत रडवणारा सिनेमा कोणता, यावर भाजीच्या गाडीपाशी वाद व्हायचे. कोणी म्हणायचं, ज्यात आंधळी बहीण असते तो. कोणी म्हणायचं, छे, ज्यात नवरा युद्धावरून येतो आणि बायको ओळखत नाही तो. पापडाचा व्यवसाय असलेल्या एका बाईंनी तर पैज लावली होती. “बाई, माझावाला लावून बघा, शेवटी सगळेच्या सगळे मरतात.”

“सगळेच मेले तर रडायचं कोणी?” प्रधानबाई म्हणाल्या आणि गवार निवडू लागल्या.

त्यांची एक तऱ्हा मात्र कोणालाच कळली नव्हती. हॉलमध्ये सगळे पडद्याकडे तोंड करून बसायचे आणि बाई पडद्याच्या बाजूला खुर्ची टाकून प्रेक्षकांकडे तोंड करून बसायच्या. सिनेमा त्यांना फक्त ऐकू यायचा. सुरुवातीला मी भोळेपणाने म्हणालो, “बाई, सिनेमा इकडे आहे.”

“मला हवा तो तिकडेच आहे,” त्या म्हणाल्या.

कोण कुठे रडतं हे त्यांना तोंडपाठ झालं होतं. बायका सरळ रडायच्या, त्यात बाईंना फारसा रस नव्हता. पुरुषांना रडू आलं की एकदम सर्दी व्हायची. कोणी चष्मा पुसायचा, पण तो चष्मा मध्यंतरापासून पुसत असायचा. डोलवीच्या कंपनीत शिफ्ट इन्चार्ज असलेले एक धिप्पाड गृहस्थ तर रडण्याच्या जागा आधीच हेरून ठेवत आणि बरोब्बर त्या वेळेला लघवीला जात. जिन्यावर जाऊन रडून यायचे. त्यांचं हुंदके दाबणं वर हॉलपर्यंत ऐकू यायचं. सुरुवातीला लोक पापड, चकल्या घेऊन यायचे. पण नायिका शेवटचे श्वास मोजत असताना कोणीतरी पोह्याचा पापड मोडला आणि सगळा हॉल फिस्सकन हसला. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, ‘रडताना खाऊ नये.’

सिनेमा संपल्यावर लोक बाईंचे आभार मानायला यायचे. मन कसं हलकं झालं, म्हणायचे. बाई ऐकून घ्यायच्या. एकदा ते हलकं मन घेऊन एक जण जिना उतरला तेव्हा बाई मला म्हणाल्या, “तुमच्या वडिलांच्या मिठागरावर मीठ ढिगाने पडलेलं असतं ना? नुसतं खारं असलं म्हणून कोणी देव्हाऱ्यात ठेवतं का? माणसं हे डोळ्यांतलं ठेवतात.”

बाईंचा सगळा राग इथे होता. रडून झालं म्हणजे काम झालं, असं माणसाला वाटतं, आणि हे वाटणं त्यांना सहन होत नसे. त्यामुळे रडलेला माणूस सोमवारी सकाळी त्यांच्या तावडीत सापडायचा.

पहिले सापडले टिपणीस. बँकेतून निवृत्त झालेले, वाचनालय समितीचे अध्यक्ष. कुत्र्याचा सिनेमा होता. ट्रक ड्रायव्हर अपघातात जातो आणि त्याचा कुत्रा ढाब्यावर येणाऱ्या प्रत्येक ट्रकची चाकं हुंगत वर्षानुवर्षं वाट बघतो. टिपणिसांनी तीन रुमाल भिजवले. आता हेच टिपणीस आपल्या गल्लीतल्या एका लंगड्या कुत्रीला रोज सकाळी काठीने हाकलत आणि ‘भटक्या प्राण्यांचा बंदोबस्त’ या विषयावर नगरपालिकेला अर्ज लिहीत. सोमवारी सकाळी बाई त्या लंगडीला साडीच्या जुन्या काठाने बांधून त्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

“टिपणीस, काल जिच्यासाठी रडलात ती आलीय.”

“अहो, तो कुत्रा वेगळा होता,” टिपणीस म्हणाले.

“वेगळा कसा?”

“तो... तो इमानी होता.”

“हिला इमान दाखवायला तुम्ही कधी काठी खाली ठेवलीत?”

गल्ली गोळा झाली होती. टिपणिसांना काठी खाली ठेवावी लागली. कुत्री त्यांच्या ओट्यावर राहिली, पुढे घरात गेली आणि तिच्यासाठी दूध आणायला टिपणीस स्वतः डेअरीत जाऊ लागले. बाईंना मात्र त्यांनी कधी माफ केलं नाही. कुत्रीवर जीव जडला तसा बाईंवरचा राग वाढत गेला. चांगलं करायला लावलेलं माणसाला फार लागतं.

दुसरा सापडलो मी. मला वाटायचं, मी लॅपटॉपमागे अंधारात असतो, मला कोण बघतंय. बापलेकाचा सिनेमा होता. बाप दीपगृहावर नोकरीला, लेक शहरात, दोघांत अबोला. मला सर्दी झाली. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. “म्हात्रे, वडिलांशी शेवटचं कधी बोललात?”

वडील वडखळपलीकडे खाडीकाठी आमच्या गावात एकटे होते. मी पेणला ब्लॉक घेतला तेव्हा ते यायला तयार झाले नाहीत. त्यावरून शब्दाला शब्द लागला आणि वर्षभर मी गेलोच नव्हतो. बाईंच्या धाकाने गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. सिनेमात तो मुलगा बापाच्या पायाशी बसतो, तसं काहीतरी मनात होतं.

वडील बांधावर उभे होते. मला बघून म्हणाले, “का रं, कोन मेला?”

“कोण नाय, सहज आलो.”

“सहज?” त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “सायबाला काम नाय वाटतं. ती घमेली उचल. भरतीनं बांधाला खांड पडलीय.”

पायाशी बसायचं राहिलं. संध्याकाळपर्यंत मी चिखल वाहिला आणि आठ दिवस कंबर धरून शाळेत गेलो. बाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच खुदकन हसल्या. “पुढच्या रविवारी जा. बांध एका दिवसात होत नसतो.” मी जात राहिलो. त्यामुळे वडिलांची शेवटची दोन वर्षं मला मिळाली. आमच्यात एकही सिनेमात शोभेलसं वाक्य झालं नाही.

आता सुमनकाकूंकडे येतो, कारण बाईंची खरी परीक्षा तिथे झाली.

सुमनकाकू बाईंच्या शाळेतल्या वर्गमैत्रीण. बाईंना ‘तारे’ म्हणून हाक मारणारं पृथ्वीवर उरलेलं एकमेव माणूस. काकूंना दोन मुलगे. थोरला प्रमोद रोह्याला कंपनीत, धाकटा प्रकाश पेणला, फोटो स्टुडिओवाला. वडील गेल्यावर दोघांत कशावरून तरी बिनसलं आणि बोलणं बंद झालं. आई मात्र दोघांना हवी होती, म्हणजे महिना महिना हवी होती. एकाने दुसऱ्याच्या दारात जायचं नाही, अशी शपथ असल्यामुळे मधलं ठिकाण शोधलं गेलं, निडी स्टेशन. दर एक तारखेला ज्याच्याकडे काकू असतील तो त्यांना गाडीने निडीला आणायचा, बाकावर बसवायचा आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन पाठमोरा उभा राहायचा. दुसरा यायचा, आईला उचलायचा आणि निघायचा. दोन देश कैदी बदलून घेतात ना, तसंच. फरक एवढाच, की इथे दोन्ही देश कैद्याच्या पाया पडत.

बाईंनी प्रकाशला दोनदा टोकलं होतं. “आईलाच हवापालट लागतो, मॅडम,” तो म्हणाला होता. त्याच्या स्टुडिओत काकूंचा भरघोस फुलांचा हार घातलेला फोटो होता. जिवंत माणसाला हार कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, “फोटोला शोभतो.”

आणि हा प्रकाश रडक्या रविवारचा बिनीचा शिलेदार. दुसरी रांग, मधली खुर्ची. त्याची बायको त्याच्यासाठी रुमाल नाही, नॅपकिन आणायची.

त्या रविवारी बाईंनी खास त्याच्यासाठी सिनेमा निवडला होता. जत्रेत मुलगा म्हाताऱ्या आईला पाळण्यापाशी बसवून ‘आलोच’ म्हणून जातो आणि तसाच गावी निघून जातो. ती वाट बघत बसते. नेमकी त्या दिवशी एक तारीख होती, हे मात्र बाईंच्याही ध्यानात आलं नव्हतं.

सिनेमा रंगात आला. हॉल मुसमुसत होता. साडेपाच वाजायच्या सुमाराला बाईंचा फोन थरथरला. त्यांनी तो कानाला लावला, पदर तोंडावर धरून काहीतरी पुटपुटल्या आणि फोन मांडीवर ठेवला. अंधारातही मला त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. मी सिनेमा थांबवायला हात नेला. बाईंनी तळवा वर केला, थांबा.

मी थांबलो. पडद्यावर मुलाला पश्चात्ताप होतो, तो रात्रीतून परत येतो आणि जत्रा उठून गेलेली असते. रिकाम्या माळावर तो आईला हाका मारत धावत सुटतो. हॉलमध्ये बांध फुटला. प्रकाशने तोंड नॅपकिनमध्ये खुपसलं होतं आणि त्याचे खांदे गदगदत होते. बाई त्याच्याकडे एकटक बघत होत्या. मग त्यांनी मला खूण केली. मी चित्र थांबवलं, दिवे लावले. शंभरेक लाल डोळे एकदम मिचमिचले.

बाईंनी फोन लावला आणि माइकपाशी धरला. “प्रकाश, उठा. तुमच्यासाठी आहे.”

आधी एक खणखणीत आवाज आला. “हॅलो, आजीचा कोन येतंय का नाय? ही माजी रिक्षा थांबलीय कवाची!” ती निडी स्टेशनबाहेर बसणारी भाजीवाली होती, हे आम्हाला नंतर कळलं. तिच्याच फोनवरून काकू बोलत होत्या. मुलांचे नंबर लिहिलेली वही पिशवीत राहिली होती आणि तोंडपाठ होता तो एकट्या बाईंचा नंबर.

मग काकू आल्या. आवाजात रडू नव्हतं, थोडा वैताग होता. “प्रकाश, अरे, प्रमोद आलाच नाय. आणि तू जाताना माझी पिशवी घेऊनच गाडीत चढलास. गोळ्या त्यात आहेत. इथे नळाला पाणीपण नाय.”

सकाळच्या गाडीने प्रकाशने आईला बाकावर बसवलं होतं. परतीची गाडी समोर आली. प्रमोद येतच असेल, असं धरून तो चढला. घरी आल्यावर हातात पिशवी दिसली. पण भावाला फोन करायचा म्हणजे आधी बोलायला लागणार. तिकडे प्रमोदचं म्हणणं, मागच्या महिन्यात आई प्रकाशकडे एक दिवस उशिरा गेली, म्हणून त्याचा महिना उद्यापासून सुरू. या दोन महिन्यांच्या मधल्या फटीत काकू सहा तास बसून होत्या.

मी सगळ्यांची तोंडं पाहिली, पहिल्यांदाच बाईंच्या बाजूने. एकाच्याही डोळ्याला पाणी नव्हतं. होतं ते सुकत चाललं होतं.

“मॅडम,” प्रकाश घसा साफ करत म्हणाला, “हा आमचा घरगुती प्रश्न आहे.”

“हो ना,” त्याची बायको म्हणाली, “आणि आमची गाडी नेमकी सर्व्हिसिंगला दिलीय.”

“असं चारचौघांत करणं शोभतं का बाई तुम्हाला?” टिपणीस उभे राहून म्हणाले. त्यांना ही संधी बऱ्याच दिवसांनी मिळाली होती.

आणि मागच्या रांगेतून कोणीतरी अगदी मनापासून विचारलं, “शेवट तेवढा दाखवाल का हो? दहाच मिनिटं राहिली असतील.”

बाई खुर्चीवरून उठल्या. “म्हात्रे, सिनेमा सुरू करा यांचा. आणि गाडी काढा.”

आम्ही जिना उतरलो तेव्हा वर पुन्हा मुसमुस सुरू झाली होती. माझ्या कानांनी ऐकली.

वडखळ गेलं, नागोठणं जवळ आलं तरी बाईंनी छत्री दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरलेली. मी आपला त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, “बाई, आज चांगली जिरवलीत.”

“किती मिनिटं झाली, म्हात्रे?”

“कसली?”

“फोन आल्यापासून तुम्ही दिवे लावेपर्यंत.”

“असतील पाच-सहा.”

“सहा. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.” त्या खिडकीबाहेर बघत होत्या. “ती म्हणाली, तारे, पाणी नाही इथे. आणि मी तो नीट रडायला लागेपर्यंत थांबले. त्याने तिला विसरून बसवलं. मी जाणूनबुजून बसवलं.”

मी गाडी जरा जोरात हाणली, तेवढंच हातात होतं.

निडीला पोहोचलो तर काकू बाकावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. शेजारी भाजीवाली उपड्या पाटीवर बसलेली. तिने काकूंना भाकरी खायला घातली होती, पाण्याची बाटली दिली होती आणि बदल्यात काकूंनी तिचे दोन किलो वाल सोलून दिले होते.

“नुसतं बसून काय करू?” काकू म्हणाल्या. “तारे, पिक्चर सोडून आलीस?”

बाई त्यांच्या शेजारी बसल्या.

“तुमी भैन काय गो हिची?” भाजीवालीने विचारलं.

“वर्गात होतो एका.”

“आन पोरं नाय हिला?”

“आहेत की दोन,” काकू लगबगीने म्हणाल्या, “दोघंही चांगली आहेत हो.”

“व्हय,” भाजीवाली पाटी उचलत म्हणाली, “दिसली सकालपासून.”

तेवढ्यात रोह्याकडून प्रमोद मोटारसायकलवर येऊन थडकला. प्रकाशने त्याला फोन केला होता. पाच वर्षांत दोघं भाऊ पहिल्यांदा बोलले ते असे. प्रकाश आमच्यामागून हॉलच्या बाहेर आला होता आणि सिनेमा संपेपर्यंत पायरीवर बसून होता, हेही पुढे समजलं. हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

“आई, चल,” प्रमोद म्हणाला. मग बाईंकडे वळून, “मॅडम, तसं बघायला गेलं तर माझी तारीख उद्या...” बाई त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या. दहावीला तो त्यांच्याच वर्गात होता.

काकूंनी मांडीवरची सालं झटकली आणि उठल्या. “प्रमोद, तू घरी जा. गाडी हळू चालव. मी तारीकडे राहते चार दिवस.”

“आई, लोक काय म्हणतील?”

“ते आता म्हणून झाले असतील,” काकू म्हणाल्या.

चार दिवसांची पुढे चार वर्षं झाली. बाईंच्या त्या कडक शिस्तीच्या घरात काकूंनी पहिल्या आठवड्यात टीव्ही आणवला. संध्याकाळी सात ते नऊ त्या मालिका बघायच्या आणि घळाघळा रडायच्या. ज्या बाईंनी गावाच्या आसवांची साल काढली त्यांच्याच बैठकीत हा रोजचा पूर. मी एकदा मुद्दाम छेडलं, तर बाई म्हणाल्या, “रडू दे तिला. तिचं कमावलेलं आहे.” दोघींची भांडणंही जोरदार होती. आमटीत गूळ किती, पंखा कितीवर, खिडकी उघडी की बंद. मला वाटतं, बाईंशी बरोबरीने भांडणारं कोणी त्यांना जन्मात मिळालं नव्हतं.

मुलांनी रविवारी यायचं, असं काकूंनी ठरवून दिलं. पहिल्या रविवारी प्रकाश आला, आईच्या गळ्यात हात टाकून स्वतःचा फोटो काढला आणि ‘माझं दैवत’ असं लिहून सगळ्या गावाला पाठवला. पुढच्या रविवारपासून बाईंनी दारातच फोन काढून घ्यायला सुरुवात केली. परीक्षेला पोरांच्या चिठ्ठ्या घ्यायच्या तशाच.

वाचनालय समितीने एकमताने ठराव केला, की प्रेक्षकांच्या भावना दुखावल्या गेल्याने रविवारच्या कार्यक्रमाची जबाबदारी अध्यक्षांकडे देण्यात येत आहे. टिपणिसांनी ‘भावस्पर्शी चित्रपट मालिका’ असं भारदस्त नाव दिलं, एसी बसवला, रडताना खाण्याची मुभा दिली. सिनेमे तेच, पण माणसं गळत गेली. मला त्याचं कोडं पडलं. मग एक दिवस तो डोलवीचा इन्चार्ज भेटला आणि म्हणाला, “पूर्वीसारखं रडू येत नाय हो सर. बाई समोर नसल्या की कोनासाठी रडायचं तेच कळत नाय.” माझ्या मते त्यांच्या सगळ्या कार्यक्रमाचं याहून खरं परीक्षण झालेलं नाही.

तरी ती सहा मिनिटं बाईंनी सोडली नाहीत. काकूंना त्यांनी सांगून टाकलं होतं, हे मला काकूंकडूनच कळलं. “मी म्हटलं, तारे, मी सहा तास बसले, त्यात सहा मिनिटं कुठे शोधू? पण ती ऐकते का? माझी गोळी पाच मिनिटं उशिरा झाली तरी स्वतःला बोलत बसते.” त्या रविवारनंतर बाईंनी कोणालाही सोमवारी सकाळी गाठलं नाही. भाजीच्या गाडीपाशी कोणी चिडवलं, की बाई आता कोणाचा नंबर, तर त्या म्हणायच्या, “माझाच चाललाय अजून.”

गेल्या श्रावणात बाई झोपेतच गेल्या. घर त्यांनी काकूंच्या हयातीपर्यंत काकूंना वापरायला लिहून ठेवलं होतं. वाचनालयात शोकसभा झाली. टिपणीस बोलता बोलता हुंदके देऊ लागले आणि खाली बसले. प्रकाश सभेला आला नाही. तो रोज सकाळी दुकान उघडण्याआधी काकूंकडे जातो, गोळ्या काढून देतो, पाणी भरतो, भाजी चिरतो. प्रमोद रविवारी येतो. कधी कधी दोघं एकाच वेळी असतात आणि क्रिकेटवरून वाद घालतात. त्या दिवशी शोकसभेच्या वेळेला प्रकाश काकूंना दवाखान्यात घेऊन गेला होता.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या वैशाखात, रोह्याला, प्रमोदच्या मुलीच्या लग्नात. कुंडलिकेच्या काठच्या हॉलमध्ये थाटाचं लग्न होतं. जेवणाआधी मोठ्या पडद्यावर ‘आई’ नावाची चित्रफीत दाखवली गेली. काकूंचे जुने फोटो, सनईच्या जागी रडकं व्हायोलिन, वरून ड्रोनने काढलेली नदी. प्रकाशनेच बनवली होती, सवय पुरती गेली नव्हती. अख्खा हॉल डोळे टिपत होता. पहिल्या रांगेत काकू आइस्क्रीम खात होत्या. त्यांनी मोठ्याने विचारलं, “तारे, ही कोण गो म्हातारी? गोरीपान आहे.”

“तूच ती,” बाई म्हणाल्या.

“मी? छे! एवढी गोरी असते तर लग्न चांगल्या घरात झालं असतं.”

पुढच्या चार रांगा डोळे पुसता पुसता हसू लागल्या. बाईही हसल्या.

दोघी जेवून लगेच निघाल्या. मी हात धुवायला मागच्या दाराने बाहेर आलो तेव्हा त्या रिक्षापाशी होत्या. ऊन रणरणत होतं. काकूंच्या चपलेत खडा गेला होता आणि त्यांना पाय टेकवेना. बाईंचे गुडघे तोवर पार गेलेले होते, खुर्चीवरून उठायलासुद्धा त्यांना दोन हात लागत. त्यांनी छत्री भिंतीला टेकवली, रिक्षाचा दांडा धरला आणि इंचाइंचाने खाली बसल्या, धुळीतच. काकूंचा पाय मांडीवर घेतला, चप्पल काढून आपटली, खडा पडला. मग तळव्याला लागलेली धूळ त्यांनी त्या कडक इस्त्रीच्या पदराने पुसली आणि चप्पल पुन्हा पायात चढवली.

“झालं का गो?” काकूंनी वरून विचारलं. “गाडी चुकेल.”

“जाईल तर जाईल,” बाई खालूनच म्हणाल्या, “दुसरा पाय दे.”